मत आहे, मताधिकार नाही

सायंकाळी लालबाग-परळच्या एखाद्या नाक्यावर, चहाच्या दुकानात किंवा कामावरून परतणाऱ्या लोकलच्या डब्यात जी चर्चा कानी पडते तीत तीन विषय हटकून एकमेकांत मिसळलेले असतात. मुंबईचा संघ कसा निवडला गेला, राज्याचा कारभार कोणाच्या हाती आहे आणि चित्रपटांत व दूरचित्रवाणीवर सध्या काय चालले आहे. या तिन्ही विषयांवर बोलणारा माणूस बहुधा एकच असतो. तो क्रिकेटचा व कबड्डीचा शौकीन असतो, त्याला स्वतःची ठाम मते असतात आणि ती तो कोणाचीही भीड न धरता मांडत असतो.

सुशिक्षितांच्या, विशेषतः पुरोगामी म्हणविणाऱ्यांच्या वर्तुळात या क्रीडाशौकिनाची टवाळी करण्याची प्रथा आहे. महागाई, बेकारी आणि घरभाडे विसरून तो खेळात गुंगतो, सबब त्याच्या मतांना किंमत देण्याचे कारण नाही, असा या टवाळीमागील युक्तिवाद असतो. तो वरवरचा आहे. कोणत्या गोलंदाजाला अकारण डावलले गेले, कोणत्या चढाईपटूचा गुडघा दुखावलेला असूनही त्याला मैदानात उतरविण्यात आले, कोणता पंच चुकला, हे या माणसाला अचूक कळते. पुरावा पाहून मत बनविणे आणि नवा पुरावा मिळताच ते बदलणे ही लोकशाहीतील नागरिकाची सवय त्याने खेळाच्या मैदानावर अंगी बाणविलेली असते. त्याची उणीव अज्ञानाची नाही. त्याला मत आहे, परंतु मताधिकार नाही. ज्या संघाला तो ‘आपला’ म्हणतो त्याच्या कारभारात त्याचा शब्द कोठेही मोजला जात नाही. ही स्थिती कशी आली याचा विचार करणे आवश्यक आहे.

गिरणगावाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. चाळीच्या पटांगणात दिवे टांगून कबड्डीचे सामने होत, तेव्हा खेळणारा व पाहणारा यांच्यात फारसे अंतर नसे. मंडळाची वर्गणी पाहणाऱ्यानेच दिलेली असे, आणि आदल्या पाळीत शेजारच्या साच्यावर राबणारा कामगार संध्याकाळी चढाईला उतरलेला दिसे. शंकरराव साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या खेळाची संघटना बांधली ती अशा मंडळांच्या आधारावर. मफतलाल, ऑर्के यांसारख्या गिरण्यांनी फुटबॉलचे संघ पोसले. गिरण्या, बँका आणि सरकारी उपक्रम खेळाडूला नोकरी देत, त्यामुळे गरीब घरातील मुलाला खेळ परवडत असे. १९४८ पासून भर पावसाळ्यात भरणाऱ्या कांगा लीगचे सामने आझाद मैदानाच्या कडेला उभे राहून कोणीही पाहू शके. करमणुकीचेही तेच होते. सोशल सर्व्हिस लीगच्या परळ येथील दामोदर नाट्यगृहात कामगार हा प्रेक्षक होता, तसाच नटही होता.

हा काळ सोन्याचा होता असे मात्र कोणी समजू नये. मुंबईतील सर्वांत लोकप्रिय क्रिकेट स्पर्धा कित्येक दशके धर्मवार संघांत खेळली जात होती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि १९३७ पासून ‘इतर’ अशी तिची रचना होती. महात्मा गांधींनी १९४० मध्ये तिच्याविषयी नापसंती व्यक्त केली आणि अखेर १९४६ च्या सुमारास ती बंद पडली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघाचा आधारस्तंभ ठरलेले पाळवणकर बाळू हे अस्पृश्य मानलेल्या जातीतील असल्यामुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले ते १९२३ मध्ये. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि त्यात आंबेडकर विजयी झाले. तात्पर्य, खेळात राजकारण नसावे हा उपदेश निरर्थक आहे. राजकारण खेळात पूर्वीपासून आहे. प्रश्न आहे तो इतकाच की, ते कोणाच्या हिताचे आणि कोणाच्या देखरेखीखालचे असावे.

ही देखरेख प्रेक्षकाच्या हातून दोन बाजूंनी निसटली. पहिली बाजू गिरणगावाच्या विध्वंसाची. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप मोडला आणि पाठोपाठ गिरण्याही मिटल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनींचा, ढोबळमानाने, एकतृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व एकतृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ज्या जागी मैदाने व्हावयाची तेथे मनोरे व मॉल उभे राहिले. मुंबईत माणशी दोन चौरस मीटरही मोकळी जागा उरलेली नाही. शताब्दी ओलांडलेले दामोदर नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. खेळाडू, प्रेक्षक आणि कलावंत ज्या एका वस्तीतून येत होते ती वस्तीच पांगविली गेली.

दुसरी बाजू संघटनांच्या कारभाराची. ब्रेबोर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपावरून वाद झाला आणि त्यातून वानखेडे स्टेडियम उभे राहिले. शासनाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या या वास्तूला नाव मिळाले ते क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष असलेल्या राजकीय नेत्याचे. जानेवारी १९७५ मधील तेथील पहिल्याच कसोटी सामन्यात वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याने द्विशतक केले. त्याचे अभिनंदन करण्यासाठी धावत गेलेल्या एका तरुणाला पोलिसांनी बदडून काढले. प्रेक्षक खवळले, मोडतोड झाली आणि खेळ थांबला. प्रतिपक्षाच्या पराक्रमाला दाद देणारा तो तरुण जाणत्या प्रेक्षकाचे उत्तम उदाहरण होता. नव्या स्टेडियममध्ये त्याचे स्वागत लाठीने व्हावे ही गोष्ट पुढील काळाची नांदी ठरली.

पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. २००१ मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत भारताला वेस्ट इंडीज व इंग्लंड येथे मालिका जिंकून देणारे अजित वाडेकर हरले आणि शरद पवार निवडून आले. २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर हरले आणि विलासराव देशमुख निवडून आले. विजयी झालेले दोघेही राज्याचे माजी मुख्यमंत्री. शिवसैनिकांनी १९९१ मध्ये वानखेडेची खेळपट्टी उखडली आणि १९९९ मध्ये दिल्लीतील फिरोजशहा कोटलाची. त्याच दशकात त्या पक्षाचे ज्येष्ठ नेते मनोहर जोशी मुंबईच्या क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदी होते. विधिमंडळात एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष क्रिकेट संघटनेच्या निवडणुकीत एका पंगतीला बसतात, हे नाक्यावरच्या शौकिनाने केव्हाच हेरले आहे. तो त्यावर विनोद करतो आणि थांबतो. कारण या निवडणुकीत मतदार असतात ते संलग्न क्लब. लाखो प्रेक्षकांना तेथे स्थान नाही.

लोढा समितीच्या शिफारशी स्वीकारून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंत्र्यांना पदाधिकारी होण्यास मनाई केली व पदांवर सलग राहण्यास मर्यादा घातली. २०१९ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांचे पुत्र जय शहा क्रिकेट नियामक मंडळाचे सचिव झाले आणि २०२२ मध्ये सलग पदावर राहण्याची मर्यादाही न्यायालयाच्या संमतीने सैल करण्यात आली. सत्ता दाराने अडविली तर ती खिडकीने आत येते, कारण आतील तिजोरी मोठी असते.

ही तिजोरी कशाने भरते याचा हिशेब अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमांनी मांडता येतो. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. प्रक्षेपण करणारी कंपनी ही रक्कम मोजते ती खेळाच्या प्रेमाखातर नव्हे. ती जाहिरातदाराला प्रेक्षकाचे लक्ष विकते. म्हणजे या बाजारात खरा माल प्रेक्षक हाच आहे. संघाला नाव शहराचे असते, मालकी कंपनीची किंवा चित्रपटतारकांची असते आणि खेळाडूंचा लिलाव होतो. क्रीडा, करमणूक व सत्ता हे तीन धंदे एकाच मंडपात आले आहेत. नाक्यावर तीन विषय एकत्र निघतात याचे नवल वाटावयास नको. प्रेक्षकाने ते एकत्र केलेले नाहीत, ते एकत्रच त्याच्यापुढे वाढून ठेवलेले आहेत.

या व्यवस्थेचे काही लाभ झाले हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे ग्रामीण भागातील कबड्डीपटूंच्या हाती प्रथमच बरा पैसा आला. २०२३ पासूनच्या महिलांच्या क्रिकेट लीगने कित्येक मुलींना खेळ हा व्यवसाय म्हणून निवडता आला. खेळाडूच्या श्रमाला मोल मिळाले याचे समाजवाद्यांना दुःख होण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो वेगळाच. लाभाची वाटणी करताना मैदान, मंडळ आणि प्रेक्षक यांचा विचार झाला नाही. उलट प्रेक्षकाच्या जाणकारीचाच जुगार करण्यात आला. ज्या ज्ञानावर तो नाक्यावर वाद घालीत असे, त्याच ज्ञानाच्या बळावर ऑनलाइन खेळांत पैसे लावण्याचे आमिष त्याला वर्षानुवर्षे दाखविले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घातली, तोपर्यंत त्यांच्या जाहिराती खेळाडूंच्या छातीवर झळकत होत्या.

खेळ हा खाजगी मामला आहे, हा संघटनांचा दावा एका प्रसंगी तरी उघडा पडला. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाडा तहानेने व्याकूळ असताना लीगच्या मैदानांवर पाणी फवारले जाणार होते. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. पाणी सार्वजनिक, जमीन सार्वजनिक, बंदोबस्ताचे पोलीस सार्वजनिक, संघाला लावलेले शहराचे व देशाचे नावही सार्वजनिक. मग हिशेब तेवढा खाजगी का?

प्रेक्षकाला संघात स्थान देणे ही कल्पना अव्यवहार्य नाही. कोल्हापुरात तिचा एक जुना नमुना आजही दिसतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावाने तेथे फुटबॉलचे संघ उतरतात आणि शाहू स्टेडियम पेठापेठांच्या प्रेक्षकांनी भरून जाते. ईर्षेपोटी तेथे कधी हाणामाऱ्याही होतात आणि त्यांचे समर्थन करता येणार नाही. परंतु तालमीचा संघ कोणी विकत घेऊन दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही, हे महत्त्वाचे आहे. जर्मनीत व्यावसायिक फुटबॉल क्लबांतील बहुसंख्य मताधिकार सामान्य सभासदांच्या संस्थेकडेच राहावा असा नियम १९९८ पासून आहे. काही थोडे अपवाद वगळता तो पाळला जातो. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतःची वेगळी लीग जाहीर केली, तेव्हा इंग्लंडमधील प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत तेथील सहाही क्लबांनी माघार घेतली. संघटित प्रेक्षकापुढे भांडवलाला नमावे लागते याचा हा पुरावा आहे.

आपल्याकडे २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात खेळाडूंना व स्त्रियांना संघटनांच्या कार्यकारिणीत प्रतिनिधित्व मिळाले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु प्रेक्षकाचा त्यात विचार नाही आणि माहितीचा अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरता मर्यादित ठेवण्यात आला आहे. जी संघटना सर्वांत श्रीमंत तीच या अधिकारातून सुटते. सार्वजनिक जमीन वापरणाऱ्या आणि राज्याच्या वा देशाच्या नावाने संघ उतरविणाऱ्या प्रत्येक संघटनेला हा अधिकार लागू झाला पाहिजे. प्रेक्षकांची नोंदणी करून त्यांचे निवडलेले प्रतिनिधी कार्यकारिणीत घेतले पाहिजेत. प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा वॉर्डावॉर्डातील मैदाने राखण्यासाठी कायद्याने वेगळा काढला पाहिजे. वानखेडेवरील प्रत्येक सामन्यात कामगाराला परवडेल अशा दराची तिकिटे ठराविक संख्येने राखून ठेवली पाहिजेत. यापैकी एकाही मागणीला क्रांतीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती मागणी लावून धरणाऱ्या लोकांची.

येथे समाजवाद्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर रोज खेळ होत असे आणि त्याच्याच कलापथकातून वसंत बापट यांच्यासारखे कवी आणि निळू फुले, दादा कोंडके यांच्यासारखे लोकप्रिय कलावंत घडले. खेळ व करमणूक ही लोकशिक्षणाची साधने आहेत हे त्या पिढीला उमगले होते. पुढील पिढ्या सभागृहात व परिसंवादात रमल्या आणि मैदान इतरांना मोकळे सोडले. ज्यांनी ते बळकावले त्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु ते सोडून कोण गेले याचाही जाब द्यावा लागेल.

नाक्यावरचा क्रीडाशौकीन आजही बोलतो आहे. निवड समितीवर, मंत्र्यांवर, सिनेनटांवर तो जे बोलतो त्यातील पुष्कळसे खरे आहे. त्याच्या बोलण्याला संघटनेच्या सभेत जागा मिळवून देणे हे काम त्याच्या एकट्याच्या आवाक्यातील नाही. ज्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या त्यांच्या वारसांनी त्या नाक्यावर जाऊन प्रथम त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मग त्याला सभासदत्वाच्या अर्जावर सही करावयास सांगावे.