वळणातले भौतिकशास्त्र आणि गाळलेली पायरी

'नाण्याएवढी चिप रक्तातून कर्करोगाच्या पेशी वेगळ्या काढणार' अशा आशयाची बातमी दर काही महिन्यांनी आपल्यासमोर येते. ती शेअर होते, तिचे कौतुक होते आणि पुढे त्या चिपचे काय झाले हे कुणी विचारत नाही. यामागचे भौतिकशास्त्र अस्सल आहे, हे आधीच सांगतो. तक्रार आहे ती प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्यामधल्या पायरीविषयी. ती पायरी आपली संशोधनव्यवस्था जवळजवळ मोजतच नाही.

प्रथम भौतिकशास्त्र. या चिपमध्ये केसाच्या जाडीची, सर्पिलाकार वाहिनी असते. तिच्यात चाळणी नसते, विद्युतक्षेत्र नसते, पेशींना चिकटणारी प्रतिपिंडेही नसतात. सुपात धान्य पाखडताना गतीच दाणा आणि फोलपट वेगळे करते. येथेही निवड करते ती गतीच.

सूक्ष्म वाहिन्यांत जडत्व नगण्य असते, असे आपण शिकतो. ते सावकाश वाहणाऱ्या द्रवापुरते खरे आहे. १०० मायक्रोमीटर रुंद वाहिनीत पाणी सेकंदाला १ मिलिमीटर सरकत असेल, तर रेनॉल्ड्स अंक सुमारे ०.१ येतो, वेग सेकंदाला १ मीटर केला की तोच अंक १०० होतो. प्रवाह अजूनही शांत, थरांचा असतो, पण जडत्व जागे झालेले असते. मग कणावर वाहिनीच्या आडव्या दिशेने एक बल येते. प्रवाहाच्या वेगातला फरक कणाला भिंतीकडे ढकलतो, भिंत त्याला परत लोटते आणि दोन्ही जिथे तोलले जातात तिथे कण स्थिरावतो. सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी १९६१ मध्ये हे सरळ नळीत दाखवले: कण अक्षापासून त्रिज्येच्या सुमारे ०.६ अंतरावर कडे करून वाहू लागले.

वाहिनी वळवली की आणखी एक गोष्ट घडते. मधला वेगवान द्रव बाहेरच्या बाजूला फेकला जातो, वरच्या व खालच्या भिंतींलगतचा मंद द्रव आत परततो आणि एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन भोवरे तयार होतात. वक्र नळीतल्या या प्रवाहाचे गणित डब्ल्यू. आर. डीन यांनी १९२७-२८ मध्येच मांडले होते. भोवऱ्याची ओढ कणाच्या व्यासाच्या प्रमाणात वाढते, तर जडत्वाचे बल ढोबळमानाने व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. व्यास दुप्पट झाला की ओढ दुप्पट होते आणि जडत्वाचे बल सोळापट. दोहोंचे गुणोत्तर आठपट बदलते. म्हणून मोठे कण आतल्या भिंतीजवळ रांग धरतात, लहान कण भोवऱ्याबरोबर दूर जातात आणि शेवटी फाटे ठेवले की दोन्ही वेगवेगळे बाहेर पडतात. २००७ मध्ये डी कार्लो, टोनर आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म वाहिन्यांत अशी सलग विभागणी करून दाखवली आणि या शाखेला वेग आला.

आता अडचण. हे गणित कडक, गोल आणि एकमेकांपासून दूर असलेल्या कणांचे आहे. प्रयोगशाळेतले पॉलिस्टिरिनचे मणी तसेच असतात; रक्त तसे नसते. तांबडी पेशी चपटी आणि लवचीक असते. रक्ताच्या आकारमानाचा सुमारे ४५ टक्के भाग पेशींनीच भरलेला असतो. त्या गर्दीत कणांची रांग मोडते. म्हणून रक्त विरळ करावे लागते किंवा तांबड्या पेशी आधी फोडाव्या लागतात. सिंगापूरच्या गटाने २०१४ मध्ये ७.५ मिलिलिटर रक्त ८ मिनिटांत सर्पिल चिपमधून काढले, तेही तांबड्या पेशी फोडल्यानंतर. शिवाय काही पांढऱ्या पेशी कर्करोगाच्या पेशींइतक्याच मोठ्या असतात.

एक साधा हिशेब करू. १ मिलिलिटर रक्तात सुमारे ५० लाख पांढऱ्या पेशी असतात. चिपने त्यांतल्या ९९.९ टक्के दूर केल्या, तरी ५,००० उरतात. भटक्या कर्कपेशी मात्र अनेकदा मोजक्याच असतात. '९० टक्के कर्कपेशी मिळाल्या' हे वाक्य खरे असूनही निदान करणाऱ्या डॉक्टरच्या पुढ्यात येतो तो पाच हजारांचा घोळका.

हा घोळका कमी करणे, तीच चिप चार वेगळ्या प्रयोगशाळांत चालवणे, शेकडो रुग्णांच्या नमुन्यांवर तपासणे, मऊ सिलिकोनऐवजी साच्यातून काढता येणाऱ्या कडक प्लास्टिकमध्ये ती घडवणे, ही कामे संथ आहेत आणि त्यांतून 'नवीन' म्हणता येईल असा शोधनिबंध क्वचितच निघतो. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला वाहिनीचा नवा आकार काढणे सोयीचे ठरते; जुनाच आकार रक्तावर सिद्ध करणे महाग पडते.

निधीची रचनाही याला पूरक नाही. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन मुख्यतः मूलभूत कामाला बळ देते. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेली १ लाख कोटी रुपयांची संशोधन-विकास-नवोन्मेष योजना खासगी क्षेत्रासाठी आणि तंत्रज्ञान-सिद्धतेच्या वरच्या पातळ्यांसाठी आहे. बायरॅक नवउद्योगांना हात देते. पण कंपनी न काढता प्रामाणिकपणे पडताळणी करू पाहणारा संशोधक आणि त्याच्या शेजारचे सरकारी रुग्णालय या तिन्हींच्या मध्ये कुठेतरी उरतात.

'शास्त्रज्ञाने नवे शोधावे, पडताळणी कंपनीने करावी,' असे कुणी म्हणेल. पण रक्तात चिप का अडखळते, हाच आज खरा मूलभूत प्रश्न आहे. मऊ, आकार बदलणाऱ्या, दाटीने वाहणाऱ्या कणांवरील जडत्वाच्या बलाचे नीटस गणित आपल्याजवळ नाही. पडताळणी टाळली की ते भौतिकशास्त्रही हातून निसटते. म्हणून प्रत्येक प्रकल्पात पडताळणीसाठी वेगळी तरतूद असावी, आणि 'ही चिप रक्तावर चालली नाही' असे आकडेवारीसह सांगणाऱ्या निबंधालाही पदोन्नतीच्या वेळी तेवढेच मोल मिळावे.

विद्यार्थिमित्रांनो, पुढची अशी बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा: प्रयोग मण्यांवर झाला की रक्तावर? किती रुग्णांच्या नमुन्यांवर? आणि हव्या त्या पेशींबरोबर नको त्या किती आल्या? उत्तरे मिळाली तर कौतुक जरूर करा. न मिळाली तर विचारत राहा. वाचक विचारू लागले की संशोधकांनाही उत्तरे मोजावी लागतात.