जोखमीचाही वाटा घ्या

पुण्या-मुंबईत ‘थेट शेतातून’ अशी जाहिरात करणाऱ्या भाजीसेवांचं पेव फुटलंय. मोबाइलवर निवडा, सकाळी दारात घ्या, पसंत नसेल तर पैसे परत. सोय झकास आहे, पण तिला शेतकऱ्याशी भागीदारी म्हणू नका. ती घरपोच मंडई आहे.

सभासदांच्या आधारावर चालणाऱ्या शेतीचा व्यवहार निराळा. हंगामाआधी पैसे भरायचे, त्यातून शेतकऱ्याने बियाणं, खत, मजुरी भागवायची आणि दर आठवड्याला रानात जे निघेल त्याचा वाटा आपण घ्यायचा. पीक उदंड आलं की पिशवी फुगते. गारपीट झाली की रोडावते. जपानात १९७०च्या दशकात ‘तेईकेई’ नावाने ही पद्धत रुजली. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरमधल्या दोन शेतांनी असेच सभासद जमवले. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’चा प्रयोग झाला.

याची गरज काय, ते टोमॅटोवरून कळेल. २०२३च्या जुलैत किलोला शंभरी ओलांडलेला टोमॅटो सप्टेंबरात आपल्याकडच्या बाजार समित्यांमध्ये तीन-पाच रुपयांवर आला. तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली वजा जाता पट्टीवर उरणार काय? लोकांनी माल रस्त्यावर ओतला. एरवीही चित्र फार वेगळं नसतं. टोमॅटोसाठी आपण मोजलेल्या रुपयातले साधारण ३३ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात, असं २०२४ साली रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो. २०१६पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक आहे, शेतकरी आठवडे बाजारही भरतात. चांगलंच आहे. पण तिथेही भाव त्या दिवसाचा. लागवडीआधी हाती आलेला पैसा मात्र सावकाराचं दार टाळू शकतो.

आता आपली बाजू. श्रावणात पिशवीतून दोडका, पडवळ, घोसाळी, अळू निघणार आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दोडका. मटार हवाच असेल तर थंडीची वाट पाहा. पालेभाजीला भोकं असतील, मुळ्यांना माती असेल. दोडक्याच्या शिरांची चटणी आणि मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी ज्या घरात होते, तिथे ही पिशवी जड जात नाही. (मेथी निवडायची कोणी, हे मात्र घरातल्या पुरुषांनी पैसे भरण्याआधीच कबूल करावं. पिशव्या बंद पडतात त्या बहुधा याच कारणाने.)

तेव्हा सभासद जरूर व्हा, पण आधी विचारा: भाजी कोणाच्या रानातली, आगाऊ पैशातलं त्याला किती मिळतं, आणि पीक बुडालं तर काय? या शेवटच्या प्रश्नाला ‘काळजी नको, दुसरीकडून आणून देऊ’ असं उत्तर आलं, तर सरळ मंडईत जा. तिथे निदान हाताने निवडून घेता येते.