काजवे बघायला येताय? आधी गाडीचे दिवे बंद करा

मे संपत आलाय. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की भंडारदऱ्याकडची झाडं लुकलुकायला लागतील, आणि त्याच आठवड्यात प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर तो ठरलेला फोटो फिरायला लागेल. हिरवट-पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं झाड, मागे आकाशभर चांदण्या, खाली "या वीकेंडला चलो भंडारदरा". मग शुक्रवार रात्रीपासून घोटीकडून आणि संगमनेरकडून गाड्यांची रांग. म्हणून हे आत्ताच लिहितोय. जूनमध्ये लिहिलं की लोक म्हणतात, झालं ते झालं, आता पुढच्या वर्षी बघू. असं करत करत बरीच पुढची वर्षं गेली.

वीकेंडच्या छंदांवर माझा राग नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. आठवडाभर कंपनीत, दुकानात, शाळेत पिचलेला माणूस शनिवार-रविवारी स्वतःसाठी काही करत असेल तर उत्तमच. आमच्या गल्लीतले एक सर रविवारी लाकूडकाम करतात. दोन वर्षांत त्यांचं एकही स्टूल चारी पायांवर सरळ उभं राहिलेलं नाही, पण माणूस खूश आहे. पहाटे पाचला उठून राजूर रोडला पळणारे आहेत, त्यात भरतीची पोरं आहेत तसे चाळिशी उलटलेले डॉक्टर आणि व्यापारीही आहेत. पळणाऱ्याचे गुडघे दुखले तर त्याचेच दुखतात. स्टूल मोडलं तर सरच पडतात. ज्याचा छंद त्याने किंमत मोजायची, असा हा सरळ हिशेब आहे. काजव्यांच्या फोटोंच्या बाबतीत मात्र हौस एकाची आणि किंमत दुसऱ्याची असं चाललंय. माझं भांडण तेवढंच आहे.

आता त्या फोटोबद्दल. तो खोटा नसतो, पण तसं दृश्य तुमच्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही, हे कोणी सांगत नाही. फोटोग्राफर काय करतो? उजेड असतानाच जागा धरतो, ट्रायपॉड रोवतो, फ्रेम आणि फोकस ठरवून ठेवतो. अंधार पडला की एकाच जागेवरून १५ ते ३० सेकंदांचे ५०-१०० फोटो काढतो आणि घरी जाऊन ते कॉम्प्युटरवर एकावर एक चढवतो. म्हणजे त्या एका चित्रात अर्ध्या-पाऊण तासाचा उजेड साठलेला असतो. प्रत्यक्षात झाड लुकलुकतं, विझतं, परत लुकलुकतं. फार सुंदर दिसतं, पण फोटोसारखं नाही.

मुंबई-पुण्याहून दीड-दोनशे किलोमीटर गाडी हाणत आलेल्या माणसाला मात्र तो फोटोच हवा असतो. तो मोबाईल काढतो, स्क्रीनवर काळोखाशिवाय काही येत नाही. मग फ्लॅश मारतो. मग टॉर्च. "अरे गाडी लाव ना समोर, हेडलाइट टाक, झाड तरी दिसू दे." उजेड पडला की काजवे मंदावतात, म्हणून कोणीतरी फांदी हलवून बघतो. एखादा बाप पोराच्या हौसेखातर बिसलेरीच्या बाटलीत आठ-दहा काजवे भरतो आणि सकाळी हॉटेलच्या खोलीत बाटली सोडून निघून जातो. यातलं एकही मी मनचं लिहीत नाहीये. हंगामात त्या रस्त्याने गेलेल्या कोणालाही विचारा.

खऱ्या फोटोग्राफरचं तर यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. एक गाडी दिवे लावून गेली की त्याची तासाभराची मेहनत वाया. त्यामुळे तो आपल्या बाजूचा असायला हवा. काही आहेतही, टॉर्चवर लाल कागद लावून तीन तास एका दगडावर मुकाट बसणारे. पण आता त्यांच्यातही दुकानदारी शिरली आहे. वीस-पंचवीस जणांची बॅच, माणशी हजारो रुपये फी, एकाच झाडापुढे ट्रायपॉडची भिंत आणि "अँगल चांगला मिळतो" म्हणून पायवाट सोडून गवतात घुसाघुशी. वर फोटो टाकताना नेमकं लोकेशन टॅग. भाऊ, तुम्ही एका झाडाचा पत्ता लाख लोकांना दिलात. पुढच्या शनिवारी त्या झाडाखाली काय होणार हे कळायला काही डिप्लोमा लागत नाही.

"फ्लॅशने काय होतंय, किडाच तर आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं विज्ञान. काजवा आपल्यासाठी चमकत नाही. नर उडता उडता इशारा देतो, मादी झुडपात किंवा गवतात बसून त्याला उत्तर देते, आणि दोघांची गाठ त्या उजेडावरच पडते. बाहेरचा उजेड पडला की इशारा दिसत नाही आणि गाठ पडत नाही. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाण्यात जातं. पंख फुटल्यावर त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात, आणि त्यातले मोजके शनिवार आपण हेडलाइटखाली घालवतो. आज मीलन झालं नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढच्या वर्षीचं झाड काळं. गवतात घुसणाऱ्यांच्या बुटाखाली नेमकं काय येतं हेही यावरून समजून घ्या.

आणि सगळं खापर पाहुण्यांवर फोडून आपण मोकळे होऊ नये. टेंटच्या जागेला लग्नासारखी लायटिंग कोण करतं? आपलेच लोक. रात्री अकरापर्यंत स्पीकर कोण लावतं? आपलेच. उन्हाळ्यात डोंगराला वणवा कोण लावतं? तो काही पुण्याहून येत नाही. पाचोळ्यातल्या अळ्या त्यात भाजून निघतात. आणि प्रत्येक वाडीत हायमास्ट दिवा लावून त्याचं उद्घाटन करणारे पुढारी कोणत्याही पक्षाचे असोत, सारखेच. विंचूकाट्याच्या भागात रात्री उजेड लागतो हे मान्य. पण तो जमिनीवर पडावा, झाडांवर आणि आभाळात कशाला? दिव्याला वरून टोपी बसवायला फार मोठा निधी लागत नाही.

आता रस्त्याचं. शेंडीवरून निघालं की मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल करत धरणाला वळसा घालून परत शेंडी. या सगळ्या गावांना तो एकच वळसा. काही ठिकाणी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावी लागते. शनिवारी रात्री तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. साम्रदच्या एखाद्या बाईला त्याच वेळी कळा सुरू झाल्या आणि तिला राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं झालं तर रुग्णवाहिका उडत येणार आहे का? घाटघर परिसराला आपण कौतुकाने जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतो. पण या भागातल्या वाड्यांत मे महिन्यात पाण्याचे काय हाल असतात ते तुम्हाला माहीत आहे. बाया हंड्याभर पाण्यासाठी चालतात आणि त्याच रस्त्यावर पाहुणे बाटलीच्या पाण्याने गाडीची काच धुतात. याचं रील कोणी बनवत नाही.

हे वाचून काहीजण लगेच लिहितील, "बंदीच घाला सरसकट." थांबा. बंदी घालणं सोपं आहे, पण तिचा फटका कोणाला बसणार? धरण १९२६ साली पूर्ण झालं, पाणी खाली गेलं, ऊस खाली पिकला. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, सुमारे ३६१ चौरस किलोमीटर, आणि जंगलात पाऊल टाकायलाही नियम आले. दोन्ही वेळा डोंगरातल्या माणसाला सांगितलं गेलं, देशासाठी सोसा. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना नारायणगाव-संगमनेरकडे मजुरीला जावं लागतं ते हौसेने नाही. काजव्यांचा हंगाम बरोबर आवणीच्या आधी येतो, बी-बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च डोक्यावर असतो तेव्हा. पिठलं-भाकरीची दोनशे ताटं गेली तर एका घराचं खरीप उभं राहतं. ती कमाई बंद करा असं मी म्हणणार नाही, आणि शहरात एसी लावून बसलेल्या निसर्गप्रेमींनी तर नक्कीच म्हणू नये.

उलट माझं म्हणणं आहे की गाड्या कमी करा, म्हणजे कमाई वाढेल. आज काय होतं? पाहुणा रात्री आठला येतो, गाडीतच दारू आणि चिप्स, दोन चकरा, पन्नास हॉर्न, बाराला परत. गावाला मिळतो फक्त कचरा. तोच माणूस जर शेंडीला गाडी लावून गावातल्या जीपने पुढे गेला, सोबत गावातला वाटाड्या असला, जेवण घरात झालं आणि मुक्कामही तिथेच, तर पैसा गावात राहतो. आणि शनिवारीच कशाला? काजव्यांना वार कळत नाहीत. मंगळवार-बुधवारी तेच झाड तसंच लुकलुकतं आणि रस्ता मोकळा असतो.

हे काही आकाशातून पडलेलं नाही. साताऱ्याचं कास पठार बघा. तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली, ऑनलाइन बुकिंग आलं, तिकिटाचं काम आजूबाजूच्या गावांच्या समित्यांकडे गेलं. तिथेही तक्रारी आहेत, सगळं आलबेल नाही, पण "आओ जाओ घर तुम्हारा" थांबलं. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे काजवे बघायला चक्क लॉटरी काढतात. रात्रीला शंभर-सव्वाशे गाड्या, त्याही मोजून आठेक रात्री, आणि टॉर्चला लाल कागद लावण्याचा आग्रह. एवढा मोठा देश किड्यासाठी लॉटरी काढतो आणि आपण महोत्सव म्हणून आमंत्रण देतो!

नियम आपल्याकडेही आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यात कोणी जावं याला मर्यादा आहे, कलम २८ मध्ये परवाना कशासाठी मिळतो ते लिहिलंय, आणि त्यात पर्यटन आणि फोटोग्राफी ही दोन्ही कारणं वेगवेगळी नोंदवलेली आहेत. म्हणजे कॅमेरा घेऊन आत जाणं हा हक्क नाही, परवानगी आहे, आणि परवानगीला अटी घालता येतात. फ्लॅश नको, हॉर्न नको, गाणी नकोत, हे सगळे नियम कागदावर छान वाचायला मिळतात. पण शनिवारी रात्री नाक्यावर दोन माणसं आणि समोर गाड्यांची रांग असेल तर ती पावत्या फाडतील की नियम पाळून घेतील?

म्हणून माझा भरवसा ग्रामसभेवर जास्त आहे. आपला हा भाग पेसाखाली येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देतं. तो अधिकार बहुतेक वेळा दाखल्यांच्या फायलीतच पडून असतो. सात-आठ गावांनी एकत्र बसून ठरवलं की रात्री सातनंतर बाहेरची गाडी शेंडी आणि मुतखेलच्या पुढे नाही, दर रात्री इतक्याच जीप, टेंटची लायटिंग आठला बंद, बाटलीत काजवा दिसला तर दंड, तर वनखात्यालाही ते हवंच आहे. शिवाय गावातली पोरं रस्त्यावर उभी राहिली की पाहुणा जेवढं ऐकतो तेवढं बोर्डाचं ऐकत नाही.

"जंगल काय तुमच्या बापाचं आहे का" असा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, दरवर्षी येतो. नाही, माझ्या बापाचं नाही. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी देवराईतली काटकीसुद्धा उचलली नाही म्हणून ती झाडं आज उभी आहेत, त्यांना आधी विचारायला काय हरकत आहे?

तर, शेंडीपासून मुतखेलपर्यंतचे सरपंच, पेसा समितीचे सदस्य, टेंटवाले, जीपवाले यातले बरेचजण माझ्या यादीत आहेत आणि हे वाचताहेत. पहिला पाऊस पडायला अजून आठ-दहा दिवस आहेत. तेवढ्यात ग्रामसभा लावा, ठराव करा, त्याची प्रत तहसील आणि वनखात्याला द्या. ठरावाचा फोटो मला पाठवा, बातमी मी करतो. आणि ज्यांनी या शनिवारचं बुकिंग केलंय त्यांनी लॉजवाल्याला आजच फोन करून बुधवार मागा. खोली मिळेल, आणि भावही उतरलेला असेल.