'पर्यंत'चा घोळ

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे इंग्रजी व्याकरण. त्यातही ॲडव्हर्बियल फ्रेज. पळू नका! दहावीच्या पेपरातल्या 'डू ॲज डायरेक्टेड'बद्दल मी बोलणार नाहीये. मी बोलणार आहे अप्रेझलबद्दल, म्हणजे पैशांबद्दल :-)

झालं असं. माझ्या टीममध्ये लातूरकडचा एक मुलगा आहे. कोडिंगला एक नंबर. एकदा सर्व्हर बंद पडला आणि त्यानं क्लायंटला मेल टाकली, "द सर्व्हर विल बी अप टिल सिक्स." त्याला म्हणायचं होतं, सहापर्यंत सर्व्हर चालू होईल. तिकडे अर्थ लागला बरोबर उलटा: सर्व्हर सहापर्यंतच चालू राहील, मग बंद. तिकडची मंडळी घाईघाईनं कामं उरकायला बसली आणि सर्व्हर तर उघडतच नव्हता! पुढे जे व्हायचं ते झालं. अप्रेझलमध्ये शेरा आला, 'कम्युनिकेशन वीक', आणि पोराला धाडलं उच्चार सुधारायच्या ट्रेनिंगला. आता मेलमध्ये उच्चाराचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं असं की रोगाचं निदानच चुकलं. त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं. त्याच्या मराठीतला 'पर्यंत' इंग्रजीत जाताना दुभंगतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. 'सहापर्यंत चालू राहील' आणि 'सहापर्यंत चालू होईल' यातला फरक आपण क्रियापदावर टाकतो. इंग्रजी तो फरक 'टिल' आणि 'बाय' या दोन शब्दांत करते. क्रिया तोवर चालत राहणार असेल तर टिल, तोवर पुरी होणार असेल तर बाय. झालं. एका ओळीचा नियम.

ॲडव्हर्बियल फ्रेज म्हणजे तरी काय? क्रिया केव्हा, कुठे, कशी, किती वेळ हे सांगणारा शब्दसमूह. शाळेत आपण तो ओळखून अधोरेखित करायला शिकतो. वापरायचा कसा, ते राहूनच जातं.

मी मूळचा तुळजापूरचा, म्हणून उदाहरण घरचंच घेतो. "कोजागिरीला माणसं सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात." कोजागिरीला, सोलापूरहून, तुळजापूरला, चालत: एका क्रियापदाभोवती चार चार माहित्या. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो, त्यामुळे यांची जागा बरीचशी हलवली तरी अर्थ हलत नाही. इंग्रजीत मात्र हे सगळं सहसा क्रियापदानंतर रांगेत उभं राहतं: आधी कसं, मग कुठे, मग केव्हा. वेळ फार तर वाक्याच्या सुरुवातीला येऊन बसते.

आता गंमत बघा. 'कोजागिरीला'तला 'ला' होतो ऑन, 'तुळजापूरला'तला होतो टू, 'सहाला' म्हटलं की ॲट आणि 'जूनला' म्हटलं की इन. आणि 'चालत' तर क्रियापदातच विरघळतं: पीपल वॉक फ्रॉम सोलापूर टू तुळजापूर ऑन कोजागिरी. 'गो बाय वॉकिंग' जन्माला येतं ते इथूनच.

'पासून'ची तीच तऱ्हा. "2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे." खरी गोष्ट आहे, महाराष्ट्रात तो निर्णय 2000 सालीच झाला. पण या एका वाक्यात दोन 'पासून' आहेत आणि इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द होतात, सिन्स 2000 आणि फ्रॉम द फर्स्ट स्टँडर्ड. 'दोन वर्षांपासून' म्हटलं की तिसराच, फॉर. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' आपल्या ऑफिसांत रोज ऐकू येतं, ते उगाच नाही.

जागेचा घोळ वेगळाच. "प्लीज चेक द फाइल्स अपलोडेड बाय इव्हनिंग." संध्याकाळपर्यंत तपासायच्या, की संध्याकाळपर्यंत चढवलेल्या तपासायच्या? मराठीत 'संध्याकाळपर्यंत' ज्या क्रियेच्या आधी ठेवाल तिचं होतं. इंग्रजीत शंका आली की उचला आणि वाक्याच्या सुरुवातीला ठेवा: बाय इव्हनिंग, प्लीज चेक... भांडण मिटलं.

क्लासवाले म्हणतात, इंग्रजीतच विचार करा, भाषांतर करू नका. सल्ला वाईट नाही, पण तो मुक्कामाचा पत्ता आहे, रस्ता नव्हे. 'पासून' डोक्यात बसलेलाच आहे. त्याला 'नाहीस' म्हटल्यानं तो जात नाही. त्यापेक्षा त्याच्याकडे नीट बघावं. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, ते इंग्रजी व्याकरणाच्या साच्यावर बेतलेलं होतं. म्हणजे इंग्रजीच्या खिडकीतून मराठी बघून झाली. मग मराठीच्या खिडकीतून इंग्रजी बघायला लाज कसली?

मान्य, नुसत्या भाषांतरानं बोलता येत नाही. तर्खडकर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांचं लिखाण चोख असे, तोंड मात्र उघडत नसे, असं म्हणतात. ऐकणं-बोलणं हवंच. पण 'ला', 'पासून', 'पर्यंत' हे तीन प्रत्यय मराठी शाळेत फळ्यावर समोरासमोर मांडले, तर एका आठवड्याचं काम आहे. त्यासाठी ना लॅब लागते, ना टॅब.

असो. मुद्दा एवढाच की तुळजापूर-लातूरहून पुण्याला येणाऱ्या पोराला 'तुझं इंग्रजी कच्चं' असं मोघम सांगितलं, की तो मीटिंगमध्ये गप्प बसायला शिकतो. 'तुझे तीन प्रत्यय अडलेत' असं सांगितलं, तर तो ते सोमवारपर्यंत दुरुस्त करतो.

सोमवारपर्यंत म्हणजे बाय मंडे हं, टिल मंडे नव्हे :-)