चेहरा भेसूर, पण शेवट ठरलेला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली ही मिरवणूक. बांबूच्या सांगाड्यावर कागद, कापड आणि रंग चढवून उभी केलेली ती अवाढव्य रूपे देखणी नसतात, आणि ती तशी असावीत अशी कुणाची अपेक्षाही नसते. सोबत महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या त्या वर्षीच्या संकटाचा बडग्या, म्हणजे पुतळा असतो, ढोलताशांचा कल्लोळ असतो आणि घरादाराची ईडा-पिडा, रोगराई घेऊन जाण्याचे मारबतीला घातलेले साकडे असते. आईबाप लेकरांना खांद्यावर घेऊन हा सोहळा दाखवतात. एवढे भयानक रूप पाहून मूल बिघडेल, अशी शंका कुणालाही येत नाही. कारण ते रूप कशासाठी घडवले आहे हे सगळ्यांना माहीत असते. वाईटाला चेहरा द्यायचा, त्याची धिंड काढायची आणि शेवटी वस्तीबाहेर नेऊन जाळायचे. पण याच शहरात मुलगा कवटीचे चित्र असलेला काळा टी-शर्ट घालून हेवी मेटल संगीत ऐकू लागला किंवा संगणकावर राक्षसांना गोळ्या घालू लागला, की घरात चिंता सुरू होते. त्याच घरातल्या धाकट्याच्या हाती मात्र फुकट उतरवलेला, गोड रंगांचा, गोंडस प्राण्यांचा मोबाइल गेम तासन्‌तास असतो, आणि तो निरागस दिसतो म्हणून कुणी विचारत नाही. आपण चेहरा तपासतो आणि शेवट तपासायचा विसरतो, असे माझे म्हणणे आहे.

हेवी मेटलचा चेहरा भेसूर का झाला, हे आधी पाहू. हे संगीत बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात जन्मले. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हातच जायबंदी झाला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि पुढे दुखऱ्या बोटांना ताण सोसावा म्हणून तारा सैल करून खालच्या स्वरात लावल्या. १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या पहिल्या अल्बमपासून जगाने जो जड, काळोखा नाद ऐकला, त्याच्या मुळाशी एका कामगाराची इजा आणि तिच्यावर त्याने काढलेली तोड आहे. या संगीताचे विषयही त्या नादाला साजेसे आहेत. युद्धे पुकारणाऱ्यांवर ब्लॅक सॅबथने १९७० मध्येच ‘वॉर पिग्ज’ हे गाणे केले. मेटॅलिकाच्या १९८८ मधल्या ‘वन’ या गाण्यात युद्धात हातपाय, दृष्टी आणि वाचा गमावलेला सैनिक आहे. अशा विषयाला मधुर चाल लावली असती तर तो विषयाशी केलेला खोटेपणा ठरला असता. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला, त्यात विष्णूच्या दहा अवतारांवर दहा गाणी आहेत. खांबातून प्रकटणारा, हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नरसिंह या संगीतात परका वाटत नाही. उग्र रूपाची पूजा करणे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

तरीही प्रश्न उरतो की रागाचे संगीत ऐकून राग वाढत असेल तर? क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ ते ३४ वयाच्या ३९ श्रोत्यांना आधी राग आणणाऱ्या आठवणींबद्दल बोलायला लावले. मग काहींना दहा मिनिटे त्यांच्या आवडीचे उग्र संगीत ऐकू दिले, तर काहींना शांत बसवले. संगीत ऐकणाऱ्यांचा राग भडकला नाही. त्यांची चिडचिड आणि ताण शांत बसलेल्यांइतकाच उतरला, शिवाय त्यांना उभारीही वाटली. अभ्यास लहान होता आणि सगळे श्रोते मुळातच या संगीताचे चाहते होते, त्यामुळे त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण राग असलेल्या माणसाला रागाला वाट देणारा नाद हवा असतो आणि वाट मिळाली की राग ओसरतो, हे मारबतीच्या शहराला पटायला अवघड जाऊ नये.

याच्या उलट बाजूचा पुरावाही नाकारता येत नाही. नॉर्वेमध्ये १९९२ मध्ये फांटॉफ्टचे जुने लाकडी चर्च जाळले गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या मेटल वर्तुळातल्या एका वादकाने दुसऱ्याचा खून केला आणि त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. या माणसांनी प्रतीक आणि कृती यांतली रेघ पुसली, आणि खुनाबद्दल कायद्याने शिक्षा झाली हे योग्यच झाले. पण मिरवणुकीत एखाद्याने दगड मारला तर आपण दगड मारणाऱ्याला पकडतो, मारबत बंद करत नाही. तोच न्याय इथे लावावा. आवाजाच्या तक्रारीला मी अधिक वजन देतो, कारण रात्रीच्या डीजेने कावलेल्या नागपूरकराला आणखी एका कर्कश गोष्टीची बाजू ऐकवणे सोपे नाही. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाने रंगभवनच्या खुल्या मंचावर भारतीय रॉक आणि मेटलच्या पिढ्या घडवल्या. शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमापुढे तो मंच मिटला. नियम योग्यच होता. मात्र तो मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या स्पीकरलाही तितक्याच कडकपणे लागू झाला पाहिजे. मेटलचा श्रोता स्वतः तिकीट काढून बंद सभागृहात जातो, नाहीतर कानाला हेडफोन लावतो. त्याच्या गोंगाटाला जागेची आणि वेळेची हद्द असते.

व्हिडिओ गेमची गोष्ट इथूनच सुरू होते, कारण दोन्हींची गाठ एका खेळाने घातली. १० डिसेंबर १९९३ रोजी आलेल्या ‘डूम’मध्ये खेळाडू नरकातून आलेल्या राक्षसांशी लढतो, आणि बॉबी प्रिन्सने दिलेल्या त्याच्या संगीतावर त्या काळच्या मेटल बँडची छाप सरळ ऐकू येते. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, तेव्हा ‘डूम’कडे आणि कर्कश रॉकच्या गायकांकडे एकदमच बोट दाखवले गेले. पुढे दोन दशके या आरोपाची तपासणी झाली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. हिंसक गेम आणि किरकोळ आक्रमक वर्तन यांचा थोडाफार संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर या गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही, असे तिने म्हटले. ‘डूम’ची दुसरी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. त्याचा पहिला भाग कंपनीने फुकट वाटायला मोकळा ठेवला होता. आवडला तर एकदाच पैसे भरून पुढचे दोन भाग घ्यायचे, आणि मग तो खेळ कायमचा तुमचा. राक्षस पडद्यावर होते. व्यवहारात राक्षस नव्हता.

जुन्या खेळांची ही रीत आपल्याकडच्या घरांनीही अनुभवली. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे आठ-बिटचे संच आणि त्यांत खोचायच्या कॅसेटी घरोघरी आल्या. त्यांतला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ मुळात १९८५ चा. अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावलेला, ८ जगांचा, ३२ लेव्हलचा. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्याहून कितीतरी पट मोठा असतो. ‘काँट्रा’मध्ये ८ टप्पे होते आणि हाती मोजक्या लाइफ. लाइफ संपल्या की ‘गेम ओव्हर’, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या कठोरपणात एक शिकवण होती. हरण्याचे कारण खेळाडूच्या हातात होते, म्हणून जिंकण्याचाही मार्ग त्याच्याच हातात होता. उडी कधी मारायची, गोळी कुठून येते, हे शंभरदा हरून कळायचे. गवई तीच तान शंभरदा घोटतो आणि मेटलचा ड्रमवादक दोन्ही पायांची लय महिनोन्‌महिने बसवतो, तोच हा रियाज. आणि शेवटचा टप्पा पार केला की खेळ खरोखर संपायचा. मुले संच बंद करून बाहेर पडायची, कारण आत आणखी काही उरलेले नसायचे.

आजच्या फुकट मोबाइल गेममधून नेमका हा शेवट काढून टाकला आहे. त्याला शेवटची लेव्हल नसते, सीझन असतात. एक संपला की दुसरा. रोज हजेरी लावली तर बक्षीस मिळते आणि एक दिवस चुकला तर साखळी तुटते. हरल्यावर कौशल्य वाढवायचा रस्ता लांब ठेवलेला असतो आणि डायमंड, म्हणजे खेळातले चलन, विकत घ्यायचा रस्ता बोटाच्या एका टेकणीवर. त्यातही अनेकदा हवी ती वस्तू सरळ विकत मिळत नाही. बंद पेटी घ्यावी लागते आणि आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये काही प्रसिद्ध खेळांतल्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याच्या निकषात गेममध्ये किती रक्त सांडते याचा उल्लेख नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकीच्या आयुष्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणजे जिथे थांबता येत नाही तिथे आजार सुरू होतो. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली, हे पाऊल आवश्यक होते. पण त्या कायद्याचा मुख्य रोख जिंकलेली रक्कम हातात देणाऱ्या खेळांवर आहे. रक्कम परत न देता फक्त घेत राहणाऱ्या रंगीत पेट्यांकडे घराघरांतच लक्ष द्यावे लागेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुने खेळ काही साधुसंतांनी बनवले नव्हते. पार्लरमधली यंत्रे मुद्दाम कठीण केली जात, म्हणजे खेळाडू लवकर हरेल आणि पुन्हा नाणे टाकेल. हे खरे आहे. पण त्या व्यवहारात दोन गोष्टी होत्या. प्रत्येक नाणे खेळाडूच्या मुठीतून जात होते, त्यामुळे खर्च डोळ्यांना दिसत होता. आणि जितके कसब वाढेल तितका खर्च कमी होत होता. कसलेला खेळाडू एका नाण्यावर तासभर उभा राहू शकायचा. आजच्या पेटीच्या व्यवहारात खर्च डायमंडच्या आड लपतो आणि कसब कितीही वाढले तरी तो कमी होत नाही. फरक काळाचा नाही, कराराचा आहे. म्हणूनच जुने ते सोने असे म्हणणेही मला मान्य नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ हा नवाच खेळ आहे. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, आणि एकदा किंमत मोजली की सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपली असलेली कथा. २०१६ च्या नव्या ‘डूम’ने मिक गॉर्डनच्या मेटल संगीतासह जुना करार पुन्हा पाळला. २०२२ चा ‘एल्डन रिंग’ तर ‘काँट्रा’ला लाजवेल इतका निष्ठुर आहे आणि तरीही जगभर खेळला गेला. हरवणारा आणि शिकवणारा खेळ आजच्या मुलांना नको असतो, हा समज त्याने खोटा पाडला.

त्यामुळे घरात नवा खेळ किंवा नवे संगीत आले, तर त्याच्या चेहऱ्यावरची कवटी मोजण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. किंमत आधी सांगितली आहे का? हरल्यावर हात सुधारतो की खिसा रिकामा होतो? आणि हे संपते का? या कसोटीला मेटलचे सहा मिनिटांचे गाणे उतरते, जुना ‘मारिओ’ उतरतो, नवा ‘राजी’ उतरतो. गोड चेहऱ्याचे अनेक खेळ मात्र तिसऱ्याच प्रश्नाला अडखळतात. शहरानेही आपला वाटा उचलावा. ज्यांची आक्रमक, चकवणारी तान पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दचकवायची, त्या वसंतराव देशपांडे यांच्या नावाचे सभागृह नागपुरात आहे. तिथे वर्षातून एक संध्याकाळ शहरातल्या तरुण रॉक आणि मेटल बँडना द्यावी, दारे लावून, वेळ पाळून. आईबापांनीही मागच्या रांगेत बसून पूर्ण कार्यक्रम ऐकावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकराला खांद्यावर घेऊन जे दाखवले, त्याचाच दुसरा नाद त्यांना तिथे ऐकू येईल. रात्री दहाला तो थांबेल आणि मुले घरी परततील.