नाकातला लाल दिवा

मागच्या आठवड्यात माजरी स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. ओळखीच्या एका टिपर-ड्रायव्हरने खिशातून पांढरी डबी काढली. मोबाइलएवढी. तिला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन बारके दिवे. त्याने ते दोन्ही नाकपुड्यांत घातले आणि बटण दाबलं. नाक आतून लालेलाल! सगळे हसले, तोही हसला. मग म्हणाला, "हसा भाऊ. पण सहा वर्षं झाली, रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो. रील पाहून मागवली, अठराशे गेले."

"फरक पडला काय?"

"पडते थोडा. सुट्टीत सासरी गेलो की मशीन न लावताच जास्त पडते."

त्याच्या या शेवटच्या वाक्यामुळे ही पोस्ट लिहितोय.

माजरीकरांना धूळ समजावून सांगायची गरज नाही. सकाळी पुसलेल्या गाडीच्या सीटवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन देशात चौथं आलं होतं. मेरिट लिस्टमध्ये आपण असे आलो. जाड धूळ नाकातच अडते, बारीक फुप्फुसात उतरते. म्हणजे बारा महिने चोंदलेलं नाक हे आपलं काम इमानदारीने करणारं नाक आहे. त्याला शिक्षा म्हणून आपण त्यात दिवे लावतो.

आता मशीनबद्दल. सरसकट थोतांड म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. १९९७ साली इस्रायलमध्ये लाल प्रकाशाचा अभ्यास झाला. अ‍ॅलर्जीच्या सर्दीवाल्यांना बराच आराम पडला, पण नाकात मांस वाढलेल्यांना, ज्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात, काहीच फायदा झाला नाही. २००५ साली हंगेरीच्या डॉक्टरांनी ४९ रुग्णांवर प्रकाशाचा उपचार करून पाहिला. त्यांना ज्या रॅगवीडची अ‍ॅलर्जी होती, ते आपल्या रस्त्याकडेच्या गाजर गवताच्याच कुळातलं. तिथेही आराम दिसला. पण ते मशीन दवाखान्यातलं, त्यात अतिनील किरणही होते, उपचार तीन आठवडे डॉक्टरांच्या नजरेखाली चालला. रीलवाला हे सांगत नाही. तो "सायनस मुळापासून बरा" सांगतो. आपलं नाक अ‍ॅलर्जीने बंद आहे, पॉलिपने, की वाकड्या पडद्याने, हे डबीला कळत नाही. त्यासाठी कोणीतरी बॅटरी मारून नाकात पाहावं लागतं.

आणि कायदा आहे, बरं का. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. टप्प्याटप्प्याने परवाना सक्तीचा झाला, शेवटचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ चा. अगदी साधी काही उपकरणं सोडली तर इथे बनवलेल्या वस्तूच्या लेबलवर उत्पादकाचा परवाना क्रमांक हवा, बाहेरून आणलेली असेल तर आयातीचा. मी ड्रायव्हरची डबी उलटी करून पाहिली. बारकोड होता, पत्ता नव्हता, नंबर नव्हता.

मी फार शहाणा आहे असं समजू नका. मेडिकलमधून मिळणारे नाक मोकळं करायचे थेंब मी दोन वर्षं उशाशी ठेवून झोपलो. झायलोमेटाझोलिन त्यांचं नाव. पाच दिवसांच्या वर वापरले की थेंबांमुळेच नाक बंद होतं आणि ते उघडायला पुन्हा थेंब लागतात. मला हे कोणी सांगितलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. सोडताना दहा रात्री बसून काढल्या.

ज्याने खरंच फायदा होतो ते रीलमध्ये शोभत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं. पाणी मात्र उकळून गार केलेलं, नळाचं थेट नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यावर अमिबा मेंदूत शिरून दोघं गेले. दुसरं, डॉक्टरांनी लिहून दिलेला स्टिरॉइडचा स्प्रे. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि आपण तिसऱ्याच दिवशी "काही होत नाही" म्हणून तो कपाटात टाकतो. चंद्रपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. जायला एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरं. अठराशे रुपये मात्र नक्कीच वाचतात.

पण माझा राग डबीवर कमी आहे. टिपरवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, या गोष्टी कागदावर कधीच्या मंजूर आहेत. उन्हाळ्यात टँकर साहेब येणार त्या दिवशी फिरतो, की रोज, हे तुम्ही पाहताच. चोवीस तासांत हवेतली पीएम १० धूळ घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर जायला नको, असं देशाचं मानक आहे. आपल्या चौकातला आकडा गावाला दिसेल असा फलक कुठे आहे? दर घरी एक मशीन विकत घेणारं गाव एका फलकासाठी एक अर्ज देत नाही, याचं मला नवल वाटते. पाच वर्षांचं पोरगंही आता सूं-सूं करत शाळेत जातं.

तर दोन कामं सांगतो. ज्यांच्या घरी असं नाकाचं मशीन आहे, त्यांनी खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा, बिल असेल तर तेही. एकत्र करून चंद्रपूरला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात देतो. आणि येत्या ग्रामसभेत फलकाचा अर्ज मांडतोय, सह्या लागतील. टपरीवर कागद ठेवलाय. पहिली सही ड्रायव्हरभाऊंची आहे.