जागृती झाली, पण तपासणी झाली का?

गणपतीत लालबाग-परळच्या रांगांशेजारी कॅन्सरविषयी माहिती देणारे फलक लागतात. ऑक्टोबरात गुलाबी फिती येतात, मग एखादी रविवारची दौड, टी-शर्ट, सेल्फी. महिन्याभराने संस्थेचा अहवाल निघतो: ‘एक लाख नागरिकांपर्यंत पोहोचलो.’ मला या वाक्याचा राग येतो. दर्शनाच्या रांगेत सहा तास ताटकळलेल्या बाईच्या नजरेसमोर आपला फलक होता, एवढ्यावर आपण तिच्यापर्यंत पोहोचलो?

परळमधल्या एका छोट्या संस्थेसोबत मी बायकांच्या कॅन्सर तपासणीचं काम करते. मोहिमेआधी उद्दिष्टं ठरवायला बैठक बसते आणि कागदावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘जास्तीत जास्त महिलांमध्ये जनजागृती करणे.’ हे वाक्य खोडायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कारण ते कधीच फसत नाही. पाच बायका आल्या तरी जागृती झाली, पाचशे आल्या तरी झाली. जे फसूच शकत नाही, त्याला उद्दिष्ट म्हणू नये.

आपल्याच परळमध्ये याहून वेगळी पद्धत दिसली आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, दोन गट. एका गटात दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी, तीही व्हिनेगरने, म्हणजे पातळ ॲसिटिक ॲसिडने. ते लावल्यावर संशयास्पद भाग पांढरा दिसतो आणि निकाल काही मिनिटांत कळतो. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

आता दुसऱ्या गटाकडे बघा. त्या बायकांना काय मिळालं? सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती. म्हणजे आपल्या बहुतेक मोहिमा जे देऊन समाधानी होतात, तेवढंच. पहिल्या गटाला माहिती चार वेळा मिळाली होती, हा फरक मान्य. पण पांढरा पडलेला भाग दिसतो तो तपासताना. माहितीपत्रक वाचून तो दिसत नाही.

या अभ्यासावर टीकाही झाली. दुसऱ्या गटातल्या बायकांना इतकी वर्षं तपासणीविना का ठेवलं, हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचा अर्थ नीट समजून घ्या. नुसती माहिती पुरेशी मदत असती, तर ‘त्यांना फक्त माहिती दिली’ हा आरोप कुणी केलाच नसता. संशोधकांना जे आपण सुनावतो, ते आपल्या मोहिमांना का सुनावत नाही?

मग उद्दिष्ट कसं लिहायचं? समजा, असं: ‘सहा महिन्यांत या चार चाळींतल्या ३५ वर्षांवरच्या २०० बायकांपैकी १५० जणींची तपासणी, संशय आढळलेल्या प्रत्येकीची महिन्याभरात पुढची तपासणी.’ हे लिहिलं की बैठकीचा सूरच बदलतो. तपासणी कधी ठेवायची? सकाळी पाणी भरायचं असतं, दुपारी मुलं शाळेतून येतात. बाई डॉक्टर आहेत का? रुग्णालयात सोबत कोण जाणार? त्या दिवशीची मजुरी बुडाली तर? फलकाचे पैसे टॅक्सीच्या भाड्याकडे वळतात.

गळती नेमकी इथेच होते. टाटाच्या त्या अभ्यासात दारोदार जाणारी माणसं होती, तरी तपासणीला सुमारे ८९ टक्के बायका आल्या आणि पुढच्या खात्रीच्या तपासणीपर्यंत पोहोचल्या सुमारे ७९ टक्के. जिथे कुणी मोजतच नाही, तिथे किती जणी वाटेतच थांबत असतील?

कोण येणार हेही ठरवावं लागतं. त्याच सुमारास सुरू झालेल्या, हाताने स्तनतपासणी करण्याच्या टाटाच्या अभ्यासाचे वीस वर्षांचे आकडे २०२१ मध्ये आले. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण बायकांत तसा फायदा दिसला नाही. मग कॉलेजच्या फाटकावर पत्रकं वाटून कोणतं उद्दिष्ट गाठतो आपण?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आधी माहिती नको का? माहितीशिवाय कोण येईल?’ हवीच. पण माहिती हे साधन आहे. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटात उपचारांसाठी आलेली माणसं तिथे उतरतात. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. स्वच्छतेबद्दल ते बोलत तेव्हा समोरचा रस्ता झाडलेला असे.

दुसरं उत्तर देणगीदारांचं: ‘दीडशे हा आकडा फार लहान दिसतो.’ दिसू दे. एक लाखातल्या एकीचंही नाव तुम्ही सांगू शकत नाही. दीडशेतली कोण परत आली नाही, ती कुठल्या खोलीत राहते आणि उद्या तिच्याकडे कोण जाणार, हे आम्ही सांगू शकतो. छोट्या संस्थेने मृत्यू मोजायची गरज नाही. ते काम दीड लाख बायकांच्या अभ्यासाने केलं आहे. आपण साखळी तुटू द्यायची नाही, एवढंच.

तुम्हालाही उद्या कुणी पोस्ट शेअर करायला सांगेल, फीत लावेल, दौडीला बोलावेल. जरूर जा. फक्त आयोजकांना तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी किती जणींची तपासणी झाली? त्यांतल्या किती पुढच्या तपासणीला गेल्या? ज्या गेल्या नाहीत, त्यांच्या घरी कोण गेलं? उत्तरादाखल पुन्हा ‘एक लाख’ ऐकू आलं, तर टी-शर्ट परत करा आणि तुमच्या आईची, मावशीची, घरी कामाला येणाऱ्या ताईंची तपासणी झाली आहे का, ते आधी विचारा.